दहा जणांची गाडी

बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. जिल्ह्यातल्या परळीची रेल्वे जुनी आहे आणि अहिल्यानगरकडून आष्टीपर्यंत रेल्वे २०२२ मध्ये पोचली होती. पण जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे मिळायला स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षं जावी लागली. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याला ती आजही लांबच आहे. इथल्या माणसाने लेकीच्या सासरी, आठवडी बाजाराला, बीडच्या सरकारी दवाखान्यात किंवा कोर्टाच्या तारखेला जायचं ते एसटीने, नाहीतर जीपने. एसटी ठरल्या वेळेला, ठरल्या थांब्यावर. रात्री अडलेली बाळंतीण, पहाटे निघणारं वऱ्हाड, अवेळी आलेली मयतीची खबर हे सगळं जीपच्या वाट्याला.

भारतीय मोटारीचा इतिहास सांगताना बहुतेक जण अँबॅसिडर, पद्मिनी, मारुती ८००, मग इंडिका, सँट्रो, स्विफ्ट अशा क्रमाने जातात. पुण्या-मुंबईपुरता तो क्रम बरोबर आहे. मराठवाड्याच्या खेड्यात घरच्या गाडीची वंशावळ वेगळी निघते: जीप, ट्रॅक्स, सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ, आणि अलीकडे अर्टिगा किंवा नेक्सॉन. शहरातलं गिऱ्हाईक आधी किंमत विचारत होतं, मग अॅव्हरेज. खेड्यातल्या माणसाचा पहिला प्रश्न एकच असायचा, ‘बसतात किती?’ आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन जावा, पाच-सहा पोरं आणि डब्यांची पिशवी एका खेपेत तलवाड्याच्या त्वरिता देवीला किंवा परळीच्या वैजनाथाला जाऊन आली पाहिजे, हा हिशेब. या प्रश्नाला कारखान्यांनी कधी काय उत्तर दिलं, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत ते उत्तर देणं कसं मागे पडत गेलं, हा पुढच्या सगळ्या विवेचनाचा विषय आहे. त्याच्या मध्यभागी एक गाडी आहे: पुण्यात बनलेली टाटा सुमो.

सुमोकडे जाण्याआधी पद्मिनीला बगल देऊन चालणार नाही, कारण तिच्यामागचा उद्योजक सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात; पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, १९७४ पासून तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं आणि २००० सालापर्यंत ती बनत राहिली. छत्तीस वर्षांत पत्र्याचा घाट तोच आणि १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन तेच. परवाना-राज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारं गिऱ्हाईक असताना नवी पिढी काढायची गरज कंपनीला वाटली नाही. मुंबईत तिने टॅक्सी म्हणून मोठं आयुष्य काढलं. तिथल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली. बीडसारख्या जिल्ह्यात फियाट असलीच तर एखाद्या डॉक्टरच्या नाहीतर वकिलाच्या दारात. काळ्या रानातल्या पावसाळी वाटेवर तिचं पोट जमिनीला टेकायचं, आणि माणसं बसायची पाच.

जीपची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या भावांनी १९४५ मध्ये गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली, ‘महिंद्र अँड मोहम्मद’. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. कंपनीचं नाव १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. एव्हाना कंपनीने अमेरिकेच्या विलीज जीपचं काम हाती घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धासाठी जन्मलेली ही गाडी भारतात लष्कराबरोबरच पोलीस, पाटबंधारे आणि महसूल खात्याची झाली. खेड्याने जीप पहिल्यांदा पाहिली ती तहसीलदाराची. सरकारी जीप लिलावात निघू लागल्या तेव्हा त्या गावच्या सधन शेतकऱ्याने घेतल्या, मागचा भाग लांब करून घेतला, वर ताडपत्रीऐवजी पत्रा चढवला. पेट्रोल पिणारं जुनं इंजिन कुणालाच परवडत नव्हतं. १९८० च्या दशकात महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने डिझेल इंजिन बसवायला घेतलं आणि जीपचं अर्थकारणच पालटलं. कमांडर, मग मार्शल, १९९३ ची आर्मडा ही त्याच घराण्यातली पुढची नावं.

त्याच सुमाराला आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ट्रॅक्स काढली. ही कंपनी फिरोदियांची. नवलमल फिरोदिया हे अहमदनगरचे, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले. टेम्पो आणि मॅटॅडोर या त्यांच्या आधीच्या गाड्यांनी महाराष्ट्राच्या मालवाहतुकीला नवं वळण दिलं होतं. ट्रॅक्सने तेच काम माणसांसाठी केलं. मार्शल आणि ट्रॅक्स यांना काळा-पिवळा रंग लागला, त्या गेवराई, माजलगाव, बीडच्या नाक्यांवर उभ्या राहू लागल्या, आणि ‘सीट भरली की सुटायचं’ हे त्यांचं वेळापत्रक झालं. याच गाड्यांमुळे मागची आडवी बैठक मराठवाड्याच्या अंगवळणी पडली: चाकांवरच्या फुगवट्यावर दोन लांब बाकं, समोरासमोर तोंडं, गुडघ्याला गुडघा.

पण त्या भाड्याच्या गाड्या होत्या. घराने अभिमानाने दारात उभी करावी अशी दहा जणांची गाडी अजून आलेली नव्हती.

टाटांची टेल्को तेव्हा ट्रक बनवणारी कंपनी होती. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी सहकार्य, जमशेदपूरचे ट्रक, मग पिंपरी-चिंचवडचा मोठा कारखाना. या पुण्याच्या कारखान्याचे शिल्पकार सुमंत मूळगावकर. १९०६ मध्ये मुंबईत जन्मलेले, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकलेले, आधी सिमेंटच्या धंद्यात आणि १९४९ पासून टेल्कोत. गाडीचा प्रत्येक महत्त्वाचा भाग, तो घडवणारी हत्यारं आणि साचेसुद्धा स्वतःच्या आवारात बनले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट होता. कारखान्याच्या उजाड जागेवर त्यांनी झाडं लावली, तळं केलं. ते १९८९ मध्ये गेले. १९८८ मध्ये टेल्कोने टाटामोबाइल नावाचा पिकअप काढला होता. त्याच्याच चेसिसवर १९९१ मध्ये सिएरा आली, १९९२ मध्ये इस्टेट. सिएराला दारं तीन, मागे छतापर्यंत वळलेली मोठी बंद काच. दिसायला देखणी, पण मोठ्या कुटुंबाला निरुपयोगी. इस्टेट लांब, ऐटबाज, मर्सिडीजच्या स्टेशन वॅगनची आठवण करून देणारी. दोन्ही महाग होत्या आणि दोन्ही शहरी हौसेच्या होत्या. या दोन गाड्यांतून टेल्को प्रवासी गाडी बनवायला शिकली, असं म्हणणं योग्य ठरेल.

१९९४ मध्ये तिसरी गाडी आली. तिला मूळगावकरांच्या इंग्रजी नाव-आडनावातली पहिली अक्षरं जोडून ‘सुमो’ म्हटलं गेलं. आपल्या देशात कारखाना उभारणाऱ्या मराठी अभियंत्याचं नाव गाडीच्या पाठीवर कोरलं जाण्याचं याहून मोठं उदाहरण सापडणार नाही, आणि ते गावोगावी वाचलं गेलं, हे महत्त्वाचं आहे, मग वाचणाऱ्याला त्यामागचा माणूस माहीत असो वा नसो.

सुमोचा घाट सरळ होता. उभा चौकोनी डबा, मोठ्या काचा, आत शिरताना फार वाकावं लागत नाही एवढी उंची. नऊवारी नेसलेल्या म्हातारीला पायरीवर पाय ठेवून आत चढता येतं की नाही, ही परीक्षा सुमो पास झाली. पुढे ड्रायव्हरसकट तिघं, मधल्या बाकावर तिघं, मागे समोरासमोरच्या बाकांवर चौघं: कागदावर दहा. वऱ्हाडात हा आकडा कुणी मोजला नाही. मागचं दार उघडायचं म्हणजे त्याच्यावर टांगलेल्या स्टेपनीसकट ओढायचं. मग आधी पोरं आत, मग मोठी माणसं, मग पोरं मोठ्यांच्या मांडीवर, मग बाकांमधल्या जागेत डबे आणि आहेराच्या पिशव्या, आणि शेवटी बाहेरून कुणीतरी खांद्याने दार लोटून बंद करायचं. कॅरियरवर गाद्या, पातेली, कधी नवरीचं कपाट. पुढच्या बाकावर मधे बसलेल्याला गिअरच्या दांड्यासाठी गुडघे एका अंगाला घ्यावे लागत. उलटी होणाऱ्या मुलीला कायम खिडकी.

हे सगळं ओझं ओढायला होतं १९४८ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, सुमारे ६३ अश्वशक्तीचं, टर्बो नसलेलं. थंडीच्या पहाटे चावी अर्धी फिरवायची, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. घाई केली तर पांढऱ्या धुराशिवाय काही हाती लागायचं नाही. आज नेक्सॉनचं १४९७ सीसीचं डिझेल इंजिन सुमारे ११५ अश्वशक्ती देतं. हा फरक टर्बोचा आणि कॉमन रेलचा आहे: एक इंजिनात हवा दाबून भरतो, दुसरा फार मोठ्या दाबाने डिझेलचे बारीक फवारे नेमक्या क्षणी सोडतो. १९९४ च्या सुमोत यातलं काही नव्हतं, म्हणून ती घाटात दमायची. पण तिच्यात जे होतं ते गेवराईच्या कुठल्याही मिस्त्रीला उघडता येत होतं, आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळत होते. गाडी बिघडण्यापेक्षा बिघडलेली गाडी चार दिवस उभी राहणं खेड्याला जास्त महाग पडतं.

मागच्या आसाला कमानपाटे होते, ट्रकसारखे एकावर एक रचलेले. पाट्यांचा स्वभाव असा की ते ओझ्यासाठी बनवलेले असतात. रिकामी सुमो खड्ड्यात आदळायची, मागच्या बाकावरचा माणूस छताला लागायचा. तीच गाडी दहा-बारा जणांनी भरली की पाटे दबायचे आणि ती रस्ता धरून चालायची. शहरातल्या परीक्षकांनी तिच्या धक्क्यांबद्दल तक्रारी केल्या त्या एकट्याने चालवून. ती एकट्यासाठी बनवलेलीच नव्हती.

१९९७ पर्यंत एक लाख सुमो विकल्या गेल्या. पोलीस, निमलष्करी दलं, रुग्णवाहिका, साखर कारखान्यांच्या चिटबॉयपासून शेतकी अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना तिने उचललं. पांढरी सुमो पुढाऱ्याची खूण झाली. सभेला येणाऱ्या गाड्या मोजताना सुमो मोजल्या जाऊ लागल्या. या वैभवाची बाजू चकचकीत आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. तलवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाजू दुसरी. सुमोने बाईचा प्रवास बदलला. आधी माहेरी जायचं म्हणजे मुराळी यायचा, एसटीने दोन ठिकाणी गाडी बदलायची, तान्हं पोर कडेवर. घरात किंवा भावकीत सुमो आली आणि सगळ्या जावा एका दिवशी देवीला जाऊन संध्याकाळी घरी येऊ लागल्या. पुढाऱ्यांच्या ताफ्यापेक्षा गाडीच्या इतिहासात हीच नोंद ठळक व्हायला हवी.

पुढच्या पिढ्यांचा प्रवास मात्र सरळ रेषेत झाला नाही. स्पेसिओ आली, तिच्यात ४०७ टेम्पोच्या कुळातलं जवळपास तीन लिटरचं इंजिन होतं. ओढीला दणकट, आवाजाला टेम्पोच. भाड्याने चालवणाऱ्यांनी ती उचलून धरली. २००४ मध्ये व्हिक्टा आली: तोंडवळा गोलसर, डॅशबोर्ड नवा, पॉवर स्टिअरिंग आणि एसीची भाषा. एकाच नावाखाली दोन गिऱ्हाइकं सांभाळायची ही कसरत होती, एक दारात उभी करणारा आणि एक नाक्यावर उभी करणारा. २००८ च्या सुमो ग्रँडेने ती कसरत सोडून दिली. २.२ लिटरचं कॉमन रेल इंजिन, १२० अश्वशक्ती, मऊ बैठकी. यंत्र म्हणून ग्रँडे तिच्या आधीच्या प्रत्येक सुमोपेक्षा सरस होती. पण किंमत वर सरकली, आणि एवढे पैसे मोजणाऱ्याला सुमो नावाची गाडी नको होती. त्याला स्कॉर्पिओ हवी होती. टाटांनी चूक ओळखली. २०११ च्या अखेरीस आलेली सुमो गोल्ड पुन्हा जुन्या चौकोनी डब्याकडे वळली, तीन लिटरचं नवं इंजिन घेऊन. ती प्रामाणिक गाडी होती, पण उशिरा आली होती. तोवर नाशिकने मैदान मारलं होतं.

नाशिकच्या महिंद्र कारखान्यातून २००० मध्ये बोलेरो आणि २० जून २००२ रोजी स्कॉर्पिओ बाहेर पडली. बोलेरो ही खरं तर आर्मडाचीच सुधारलेली लेक. तिच्यावर फार खर्च झाला नव्हता आणि तिनेही कसला आव आणला नाही. ती वर्षानुवर्षं देशातली सर्वाधिक खपाची मोठी गाडी राहिली. स्कॉर्पिओची गोष्ट वेगळी. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण अभियंत्यांनी ती साडेपाचशे-सहाशे कोटी रुपयांच्या आसपास उभी केली, तेव्हा जगातल्या मोठ्या कंपन्या नव्या गाडीवर याच्या कितीतरी पट पैसे ओतत होत्या. २.६ लिटरचं टर्बो इंजिन, १०९ अश्वशक्ती. मागच्या बाजूला आडव्या बैठकी तिच्यातही होत्या, पण स्कॉर्पिओ विकत घेणाऱ्याच्या मनात ‘बसतात किती’ हा प्रश्न आता पहिला राहिलेला नव्हता. पहिला होता तो रुबाब. ऊस आणि कापसाच्या पैशातून, पुढे ठेकेदारीच्या पैशातून, काळी किंवा पांढरी स्कॉर्पिओ बीड जिल्ह्याच्या रस्त्यांवर दिसू लागली आणि सुमो हळूहळू भाड्याच्या रांगेत सरकली.

गाडीच्या घडणीत सरकारी कर किती खोल शिरतो, हे २००६ नंतर दिसलं. त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० पर्यंत. टाटांनी पुण्यात बनणाऱ्या इंडिगोची शेपटी छाटून २००८ मध्ये इंडिगो सीएस काढली, देशातली पहिली चार मीटरच्या आतली डिकीवाली गाडी. बोलेरोचीही २०१६ मध्ये अशीच छाटणी झाली: बंपर आखूड करून ४१०७ मिलिमीटरची गाडी ३९९५ वर आणली, इंजिन १४९३ सीसीचं तीन सिलिंडरचं झालं. आतली माणसं तेवढीच, बाहेरची लांबी कमी. जीएसटीनेही हीच रेघ कायम ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा छोटी गाडी १८ टक्क्यांत आली आणि मोठी ४० टक्क्यांत. कर आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठी गाडी म्हणजे श्रीमंताची चैन. मोठं कुटुंब हेही मोठ्या गाडीचं कारण असू शकतं, हे त्या रेघेत कुठेच बसत नाही, आणि तलवाड्यासारख्या गावांवर हा सरळ अन्याय आहे.

सुमोचा शेवट मात्र करामुळे झाला नाही. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरसाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी सूचना, वेगाची सूचना आणि मागे घेताना लागणारे सेन्सर सक्तीचे झाले; टक्कर-चाचणीचे नियम त्याच वर्षी जुन्या गाड्यांनाही लागू झाले; १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिन आवश्यक होतं. पंचवीस वर्षांच्या सांगाड्यावर हे सगळं बसवण्यात टाटांना अर्थ दिसला नाही. २०१९ मध्ये सुमो बंद झाली, फारसा गाजावाजा न होता.

ती बंद झाली याचं वाईट वाटणं स्वाभाविक आहे, पण ते नियम यायलाच हवे होते. आडव्या बाकावर बसलेला माणूस अपघातात एका अंगाला फेकला जातो. पट्टा आणि एअरबॅग ही साधनं समोर तोंड करून बसलेल्या शरीरासाठी आखलेली असतात. बीड जिल्ह्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गाडीच्या मागच्या सीटवर असताना अपघातात गेले, केंद्रीय मंत्री होऊन काही दिवसच झाले होते. राजकीय नेते विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेले. दोघेही याच मातीतले. ज्यांच्या दौऱ्यांनी जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता पाहिला होता, त्यांचं मरण मोटारीत यावं, ही गोष्ट इथल्या माणसाच्या मनातून अजून गेलेली नाही.

सुरक्षेच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी मारलेली मजल मोठी आहे आणि ती मोकळेपणाने सांगायला हवी. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत स्कॉर्पिओला एकही तारा मिळाला नव्हता. २०१८ च्या डिसेंबरात रांजणगावात बनणारी टाटा नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. २०२२ मध्ये चाकणच्या स्कॉर्पिओ-एनने पाच तारे मिळवले आणि तिच्यातली तिसरी रांग समोर तोंड करून आहे. एकाच नावाच्या गाडीने शून्यापासून पाचापर्यंत सहा वर्षांत यावं, हे अभियंत्यांचं कर्तृत्व आहे.

रस्तेही बदलले. सोलापूर-धुळे महामार्ग, आधीचा २११ आणि आताचा ५२ क्रमांकाचा, बीड-गेवराईवरून चौपदरी झाला. पंतप्रधान ग्रामसडक योजनेने २००० नंतर आतली गावं डांबराने जोडली. चिखलातून जाणाऱ्या उंच गाडीची निकड कमी झाली. भाऊ वेगळे झाले, मुलं पुण्याला नोकरीला गेली, दिवाळीला पाच जणांची नेक्सॉन किंवा सात जणांची अर्टिगा घेऊन येऊ लागली. २०१२ मध्ये आलेली अर्टिगा आज बऱ्याच ठिकाणी सुमोच्या जागी भाड्याने चालते. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात, पण तोंड समोर असतं आणि पट्टा असतो. २०२५ च्या नोव्हेंबरात टाटांनी सिएरा हे नाव परत आणलं. आता तिला पाच दारं आहेत, बैठकी पाचच आहेत.

पण सोयरिक, बारसं, दहावा, देवीची यात्रा हे सगळं मोठ्या घराचंच राहिलं आहे. रोजची चूल वेगळी झाली तरी मयतीला भावकी एकत्रच निघते. दारात पाच जणांची गाडी आहे आणि निघायचं आहे पंधरा जणांना, तेव्हा खेडं काय करतं? ते पिकअप काढतं. हौद्यात गवताच्या पेंढ्या नाहीतर सतरंजी टाकायची, बायका-पोरं खाली बसवायची, गडी कडेला उभे. सुमोचा जन्म पिकअपच्या चेसिसवर झाला होता: मालाच्या सांगाड्यावर टेल्कोने माणसांसाठी छत, खिडक्या आणि बाकं चढवली होती. सुमो गेल्यावर तीच माणसं छताशिवाय, बाकाशिवाय पुन्हा मालाच्या हौद्यात आली. मालवाहू गाडीतून फुकट जाणाऱ्या प्रवाशाची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिलेला आहे. हौद्यात बसणाऱ्या किती जणींना हे ठाऊक असेल? पाच ताऱ्यांच्या गाडीत आपलं कुटुंब बसवणारा मुलगा आणि हौद्यात बसून नात्यातल्या मयतीला जाणारी त्याचीच चुलती, या दोघांमधलं अंतर कुठल्याच चाचणीत मोजलं जात नाही.

या अंतरावर कुणी कामच केलं नाही असं नाही. बजाज टेम्पोचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स आहे. या कंपनीने २०२३ मध्ये ट्रॅक्सच्या घराण्यातली सिटीलाइन बाजारात आणली: दहा बैठकी, सगळ्यांची तोंडं समोर, २.६ लिटरचं डिझेल इंजिन. तलवाड्याच्या जुन्या प्रश्नाला दिलेलं हे गेल्या अनेक वर्षांतलं सर्वांत सरळ उत्तर आहे.  पण बाजारात आली तेव्हाच तिची किंमत सोळा लाखांच्या घरात होती. कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या, किंवा कोयता घेऊन सहा महिने साखर कारखान्याच्या फडावर राहणाऱ्या घराला एवढी रक्कम कर्जानेही पेलत नाही. पुढच्या प्रकरणांत पद्मिनी, जीप आणि ट्रॅक्स आटोपशीर येतात, सुमोचा मुक्काम लांबतो, बोलेरो-स्कॉर्पिओची तुलना तिच्याशी होते, आणि शेवटचं प्रकरण सिटीलाइनच्या किमतीचा एकेक भाग सुटा करून पाहतं: पत्र्याचे किती, इंजिनाचे किती, सुरक्षेचे किती आणि कराचे किती.